सातवा ठोका

३ मार्च

मामा,

तुझी एक वस्तू आमच्याकडे सापडली आहे आणि तिने माझं डोकं फिरवलंय, म्हणून हे पत्र. फोनवर तू 'हो', 'नाही' आणि 'बरं, ठेवतो' यापलीकडे जात नाहीस, तेव्हा कागदच घेऊन बसले.

झालं असं, की शेजारच्या आजोबांनी घर बदललं आणि जाताना त्यांचा रेकॉर्ड प्लेअर मला देऊन टाकला. प्लेअर आला, पण त्यावर लावायला घरात एकही रेकॉर्ड नाही. आईला विचारलं तर ती चप्पल घालता घालता म्हणाली, "कपाटावर उशीच्या अभ्र्यात एक आहे. तुझ्या मामाची." आणि गेली दवाखान्यात. नोंदणीच्या खिडकीवर बसल्यापासून आई घरीसुद्धा माणसाला एका वाक्यात निकालात काढते, तुला माहीतच आहे.

कव्हरवर पाण्याच्या टाकीचा काळापांढरा फोटो, टाकीखाली एक छोटं दार, आणि वर फक्त 'पंपघर'. वाजवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. पहिल्या बाजूला चार गाणी आहेत, ती बरी आहेत. मग दुसरी बाजू लावली आणि वाटलं, आपण काहीतरी चुकीचं लावलंय. एकवीस मिनिटं एकच चाललंय! सहा मिनिटं तर कुणी तोंडच उघडत नाही. मग एक माणूस पाण्याबद्दल चार ओळी गातो आणि पुन्हा गायब होतो. गाणं कसं, सुरू झालं की आता कुठे जाणार ते साधारण कळतं. हे म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून जिना, जिन्यावरून गच्ची, आणि गच्चीचं दार उघडावं तर आपण तळघरात. मला रागच आला. बंद केलं, भांडी घासली, आणि हात पुसून परत लावलं.

त्याला आता आठ दिवस झाले. कामावर जायच्या आधी एकदा ऐकते, आल्यावर दोनदा. जिवाला चैन नाही. जिना चढताना पाय आपोआप मोजायला लागतात आणि दर वेळी एक पायरी उरते. हा काय प्रकार आहे? याला काही नाव आहे का?

आणि एक तक्रार. चौदाव्या मिनिटाच्या आसपास ड्रम वाजवणारा घाण करतो. पायाने वाजतो तो मोठा ठोका एकदा सरळ खाऊन टाकतो. पुढे गिटार येते तीही अडखळते. एवढं छान चाललेलं आणि या बाबाला मोजता येऊ नये? कोण होता हा?

तुझी,
भिंगरी

११ मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मुंगीला शाईत बुडवून सोडल्यासारखं.

ती रेकॉर्ड तुमच्याकडे आहे हे मी विसरलो होतो. त्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे प्रगतीचा रॉक, पण वाजवणाऱ्यांपैकी कुणाची फारशी प्रगती झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्या पोरांना तीन मिनिटांत संपणारं गाणं आवडत नसे. त्यांना सगळं घरच बांधायचं असायचं, खोल्या, जिने, तळघर, तू म्हणतेस तसं. तू आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकलंस आणि ते नेमकं हेच निघालं, याला काय म्हणावं.

पायरी उरते कारण तू चार मोजतेस. तो भाग सातचा आहे. मोठा ठोका एकवर, तो पायाचा. दोन ते सहा हातांचे. आणि सातवर ड्रमच्या कडेवर काठी नुसती टेकवायची, टिक्. मग परत एक. मांडीवर वाजवून बघ. दोन दिवस चिडशील, तिसऱ्या दिवशी जमेल.

ड्रम वाजवणारा होता एक. पुढे त्याने सोडून दिलं. बरंच केलं.

माझं ठीक चाललंय. सध्या एका अकरा मजली इमारतीतली लिफ्ट माझ्या राशीला बसली आहे. आठव्या मजल्यावर थांबते, पण दार उघडायला विसरते. आतली माणसं माझ्या नावाने ओरडतात. बाहेर काढलं की मात्र थँक्यू म्हणतात.

ताई घरात असताना ती रेकॉर्ड लावू नकोस.

मामा

२० मार्च

मामा,

तिसऱ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी जमलं. आणि जमलं ते भलत्याच ठिकाणी, कामावर, उजेडाच्या टेबलापाशी. खालून दिवे, वरून कापड सरकतंय, मी भिंगातून बघतेय आणि ओठांत सात मोजतेय. परिणाम असा, की चाळीस मीटर कापडात एक आडवा धागा सुटलेला होता आणि मी दोषाची खूण म्हणून काठाला लाल दोरा न बांधता ते पुढे जाऊ दिलं. आमच्या खात्यातल्या मोठ्या बाईंनी पकडलं. त्या ओरडत नाहीत, शेजारी येऊन उभ्या राहतात, ते जास्त वाईट. म्हणाल्या, तुझं लक्ष कुठे आहे. मी म्हटलं, सातवर. त्यांना काही कळलं नाही, तेच बरं झालं.

तू सांगितलंस तरी एकदा आई घरात असताना रेकॉर्ड वाजलीच. ती लवकर आली, मी काय करू? दारातच उभी राहिली, खांद्याला पिशवी तशीच. मग म्हणाली, मी जरा जाऊन येते, आणि तासाभराने रिकामी पिशवी घेऊन परत आली. मी विचारलं, काय आणायला गेली होतीस? तर म्हणाली, हवा.

आता मुख्य गोष्ट. काल आमच्याकडे एक गृहस्थ आले. इतके उंच, की दारातून वाकून आत आले आणि सवयीने आतही वाकूनच बसले. पांढऱ्या केसांची शेंडी रबराने बांधलेली. आईने त्यांना 'लंबू' म्हटलं आणि मी बघतच राहिले, कारण आईने कुणाला टोपणनावाने हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती. ते म्हणाले, तुमचे मास्तर गेल्या हिवाळ्यात वारले. ज्या शाळेत ते भूमिती शिकवायचे तिथल्या हॉलमध्ये २६ एप्रिलला त्यांच्या आठवणीसाठी सगळे जमणार आहेत. मास्तरांच्या बाईंची इच्छा आहे की दुसरी बाजू पूर्ण वाजावी, एकदाच. मास्तरांची बेस गिटार त्यांची मुलगी वाजवणार, बापाकडूनच शिकली आहे. गिटार ते स्वतः. मी विचारलं, आणि ड्रम? ते म्हणाले, तुझा मामा, आणखी कोण? मी कसंबसं विचारलं, आणि ऑर्गन? त्यांनी नुसती मान वळवली. आई मोरीत कप विसळत होती.

मामा! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी तुलाच विचारतेय, कोण होता हा बाबा! आणि तू गंभीरपणे लिहितोस, होता एक! त्या पत्रातलं मी सगळं मागे घेते. मोजता न येण्याचं तर आधी.

लंबूकाका जाताना म्हणाले, मी तेव्हा त्याला नको ते बोललो होतो, तो येणार नाही, पण विचार. म्हणून विचारते. येशील ना? आई 'बघू' म्हणाली आहे. आईचा 'बघू' म्हणजे तू आलास तर हो, असा मी अर्थ लावलाय.

भिंगरी

२७ मार्च

भिंगरे,

नाही.

एका शब्दावर तुझं समाधान होणार नाही म्हणून लिहितो. आम्ही शाळेच्या टाकीखालच्या पंपघरात वाजवायचो, कारण दुसरीकडे कुणी उभं करत नसे. किल्ली मास्तरांकडे असायची. दोन वर्षं रोज संध्याकाळी. मी एकोणीस वर्षांचा होतो, ताई चोवीसची. ती दुसरी बाजू तिनेच रचली, चौकटीच्या वहीत, रंगीत पेन्सिलींनी. हे तिने तुला सांगितलेलं दिसत नाही.

रेकॉर्डिंगला एकच दिवस मिळाला होता. पहिल्या बाजूतच दुपार गेली. दुसरी बाजू एका दमात वाजवायची होती, पुन्हा करायला वेळ नव्हता. चौदाव्या मिनिटाला एकचा ठोका गेला. शेवटपर्यंत वाजवलं, यंत्र बंद झालं, आणि लंबू सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडला, की दोन वर्षं मातीत घातलीस, तुला सातपर्यंत मोजता येत नाही. मी म्हणालो, माझं चुकलं. विषय संपला. रेकॉर्ड तशीच निघाली. त्यानंतर आम्ही चौघं एका खोलीत कधी बसलो नाही. ड्रम मी शाळेला देऊन टाकले आणि लिफ्टचं काम शिकलो.

ज्याला सात मोजता येत नाहीत त्याने मजले मोजावेत. लंबूला सांग, दुसरा कुणी बघ. मास्तरांच्या बाईंना मी वेगळं पत्र लिहीन.

तुझ्यावर राग नाही. पण हा विषय आता पुरे.

मामा

४ एप्रिल

मामा,

पुरे नाही. तू सुंभ जळाला तरी पीळ न सोडणारा, तर मीही तुझीच भाची.

मोठ्या बाईंनी मला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. दोष दिसतो तिथे तो झालेला नसतो. कापडावर सुरकुती दिसली की सुरकुतीकडे बघत बसायचं नाही, भिंग घेऊन मागे मागे जायचं, कुठेतरी एक धागा सापडतो. तुझं पत्र आल्यापासून मी तेच केलं. लंबूकाकांची गिटार अडखळते तिथे मी आधी लाल खूण केली होती. तिथून मागे गेले. आठ फेऱ्या मागे तुझा एकचा ठोका नाही. तिथेच सगळे थांबले असणार, तूसुद्धा. मी आणखी एक धागा मागे गेले.

आता नीट वाच. तिथे गिटार आणि बेस गप्प आहेत. फक्त तू आहेस, सात, सात, सात. सोळा फेऱ्या झाल्या की आईचा ऑर्गन खालच्या सुरात यायचा आहे, तुझ्या एकवर. मी मोजलं, सतरा वेळा मोजलं, सुई उचलून उचलून. ऑर्गनचा सूर जिथे सुरू होतो तिथे त्याच्याखाली तुझा पायाचा मोठा ठोका नाही. पण रिकामंही नाही! तिथे कडेवरची काठी आहे. टिक्. तुझा सात. तू सोळाव्या फेरीच्या सातवर होतास, बरोबर जागेवर, आणि आई एक मात्रा आधी आली. तिने सातलाच एक मानलं. मग तू तुझा एक सोडून थेट दोनवर गेलास, म्हणून ठोका गेल्यासारखं वाटलं. लंबूकाका बिचारे जुन्या मोजणीवर राहिले आणि आठ फेऱ्यांनी आपटले.

तुझं चुकलंच नव्हतं. एकतीस वर्षं तू लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोयस, आणि तुझं चुकलंच नव्हतं. हे लिहिताना मला रडू येतंय आणि रागही येतोय, कुणाचा ते कळत नाही. आईचा येतोय बहुतेक. तिला कळलं नसेल? स्वतः रचलेलं तिला कळलं नसेल?

आज संध्याकाळी ती आली की मी तिला ऐकवणार आहे. हे पत्र आत्ता पेटीत टाकते, नाहीतर माझाच धीर जाईल.

भिंगरी

७ एप्रिल

भिंगरे,

अजून सांगितलं नसशील तर तिला काही सांगू नकोस. हे आधी वाच आणि मग पुढचं.

तुझं बरोबर आहे. ती टिक् मला माहीत आहे. त्या दिवसापासून माहीत आहे, रेकॉर्ड पुन्हा ऐकायची मला गरजच पडली नाही. मी सातवर काठी टेकवली आणि त्याच क्षणी ताईचा सूर आला. विचार करायला वेळ नव्हता. लहानपणी रस्ता ओलांडताना ती माझा हात सोडून पुढे जायची आणि मी गाड्या न बघता तिच्यामागे धावायचो, तसाच धावलो. मी एकवर थांबलो असतो तर ती एकटी पडली असती, सगळ्यांना कळलं असतं. म्हणून माझा एक मी टाकला आणि तिच्यापाशी गेलो. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते पुढचं. लंबू ओरडत होता तेव्हा मी ताईकडे बघितलं. ती ऑर्गनचं झाकण लावत होती. झाकण लावलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि म्हणाली, चला, उशीर होतोय. बस्स. मी म्हणालो माझं चुकलं, तेव्हा तिने 'नाही' एवढं म्हणायला हवं होतं. लंबूसमोर नाही, तर घरी गेल्यावर. नाही तर दुसऱ्या दिवशी. नाही तर तिच्या लग्नात, तू झालीस तेव्हा, आमची आई गेली तेव्हा. मी वाट बघत राहिलो. ड्रम मी चुकल्यामुळे सोडले नाहीत, पोरी. तिच्या एका वाक्यासाठी रुसून सोडले. रुसवा एवढा लांबेल असं मलाही वाटलं नव्हतं.

आता तू जाऊन तिच्यापुढे पुरावा ठेवलास, तर ती म्हणेलही. पण मग ते तिने म्हटलेलं नसेल, तू म्हणायला लावलेलं असेल. त्याचा मला काय उपयोग? कृपा करून गप्प बस. सुई उचल आणि रेकॉर्ड परत अभ्र्यात ठेव.

मामा

१० एप्रिल

मामा,

तुझं पत्र आज मिळालं. उशीर झाला. मी त्याच संध्याकाळी सांगून बसले होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं, भांडायच्या तयारीने. ती भांडलीच नाही. एवढंच विचारलं, "कितव्या फेरीत?" मी म्हटलं, सोळाव्या. मग तिने प्लेअर उचलला, रेकॉर्ड काखेत घेतली आणि आपल्या खोलीत गेली. त्याला आज सहा दिवस झाले. कामावर जाते, येते, जेवण करते, माझ्याशी वीज आणि दूध एवढंच बोलते, आणि दार लावून घेते. आतून तोच भाग ऐकू येतो. तुझे सात, सात, सात, मग सूर, मग सुई उचलल्याचा आवाज, की पुन्हा तुझे सात.

तुझं पत्र तिला दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही, मरेपर्यंत. मी तुझं काहीतरी मोडलं, हे मला कळतंय. दोष शोधायचा आणि काठाला दोरा बांधायचा, मला एवढंच येतं. दोरा बांधल्यावर त्या कापडाचं पुढे काय करतात ते आमच्या खात्यात कुणालाच माहीत नसतं.

तू बोलणार नसशील तरी चालेल. पण नुसतं 'बरं' लिहून पाठव.

भिंगरी

१३ एप्रिल

बारक्या,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही, तेव्हा गोड मानून घे.

पोरीने मला काहीबाही सांगितलं. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. कापड तपासणाऱ्या मुलीने मला माझं संगीत शिकवावं, असा रागच आला. म्हणून स्वतः ऐकायला बसले. कव्हरला कोपऱ्यात तिने लाल दोरा बांधून ठेवला होता, तो सोडला नाही.

तुला एक सांगते, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती रेकॉर्ड मी कधीच ऐकली नव्हती. निघाली त्या दिवशी अभ्र्यात घातली आणि कपाटावर टाकली. फेकली नाही आणि ऐकलीही नाही. त्या दिवशी माझा सूर लागला तेव्हा त्याच्याखाली काहीतरी बारीकसं टिक् झालं, ते मला ऐकू आलं होतं. काय ते मी बघितलं नाही. तू लगेच माझ्याबरोबर होतास, म्हणून मनाला म्हटलं, असेल काहीतरी. लंबू ओरडला तेव्हा ती टिक् परत आठवली. मला शंका होती, बारक्या. ज्याला शंका असते त्याने ऐकून खात्री करायची असते. मी झाकण लावलं. तू 'माझं चुकलं' म्हणालास आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मला एकतीस वर्षं पुरलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

आता आठवडाभर तेवढंच ऐकलं. सोळाव्या फेरीत मी सहाच मोजले. घाई झाली मला. ती जागा मीच रचली होती, तिथे यायची मला इतकी हौस होती की मी थांबू शकले नाही. चूक माझी. तुझी नव्हती. तुझा ठोका जागेवर होता, आणि तू तो माझ्यासाठी टाकलास. हेच लंबूला आज सकाळी दवाखान्यातून फोन करून सांगितलं, खिडकीबाहेर रांग उभी असताना. त्याने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, त्याचा पत्ता दे. मी म्हटलं, आधी मी लिहिते.

लग्नानंतर ऑर्गन राहिला नाही, हे तुला माहीत आहे. शाळेतला पियानो रोज संध्याकाळी एक तास मिळतोय. बोटं लाकडासारखी झाली आहेत. वही सापडली, पण लाल पेन्सिल पुसट झाली आहे, ऑर्गनचीच नेमकी. आठवून आठवून परत भरते आहे. तुझे ड्रम अजून तिथेच आहेत, प्रार्थनेच्या खोलीत. पोरं त्यावर दप्तरं ठेवतात. मी आज ती उचलून ठेवली.

२६ तारखेला यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मला तोंड नाही 'ये' म्हणायला, तरी म्हणते, ये. एक दिवस आधी आलास तर पंपघर उघडून घेऊ, किल्ली मास्तरांच्या मुलीकडे आहे.

आणि एक ऐक. माझा काही भरवसा नाही, त्या जागी मला परत घाई होईल. या वेळी मी आधी आले तर माझ्यामागे धावू नकोस. तू तुझ्या सातवर थांब आणि तुझा एक वाजव, अगदी जोरात, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मी येईन परत तुझ्यापाशी.

ताई